तुम्ही विचारलंत म्हणून: ओस पडलेल्या बाजूला बक्षीस देऊन का भागत नाही?

नव्यानं खेळायला लागलेले बरेच जण मला हे विचारतात. ज्या ऑनलाइन गेममध्ये दोन बाजूंचं कायमचं वैर असतं, तिथे बघता बघता एक बाजू तुडुंब भरते आणि दुसरी ओस पडते. मग कमी लोकांच्या बाजूला जादा बक्षीस देऊन कंपनी मोकळी का होत नाही?

देते की! अलायन्स आणि होर्ड या दोन वैरी बाजूंच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नं नेमकं हेच केलं. 2018 मध्ये त्यांनी पीव्हीपीचे, म्हणजे खेळाडूंनी एकमेकांशी लढण्याचे, वेगळे सर्व्हर मोडीत काढून वॉर मोड आणला. ज्याला समोरच्या बाजूशी मारामारी हवी त्यानं तो चालू करायचा आणि त्याबद्दल 10 टक्के जादा मोबदला घ्यायचा. अलायन्सची माणसं तिकडे फिरकेनात. मग त्याच वर्षाच्या अखेरीस कमी पडणाऱ्या बाजूचा मोबदला वाढवण्याची सोय केली आणि अलायन्सला होर्डचे खेळाडू मारण्याची एक साप्ताहिक क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, दिली. तिचं बक्षीस भरघोस होतं. लोक आले, मोठमोठ्या रेड ग्रुपनं आले, क्वेस्ट संपवली आणि वॉर मोड बंद करून निघून गेले. आकडा तेवढ्यापुरता हलला, पण राहायला कुणी आलं नव्हतं.

बक्षीस एकट्याला मिळतं आणि बाजू मात्र माणूस इतरांकडे बघून निवडतो, इथेच सगळं अडतं असं मला वाटतं.

सुरुवातीची कारणं अगदी छोटी असतात. 2004 साली हा गेम आला तेव्हा होर्डकडे ऑर्क, ट्रोल, टॉरेन आणि अनडेड होते. देखणा चेहरा हवा असणारा बहुधा अलायन्सकडेच जायचा. 2007 च्या जानेवारीत होर्डला ब्लड एल्फ मिळाले आणि ते चित्र पालटायला लागलं. पुढे रेशियलचा, म्हणजे वंशागणिक मिळणाऱ्या खास ताकदींचा, काटेकोर हिशोब सुरू झाला. रेडमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून बलाढ्य शत्रूंशी लढताना, होर्डचे रेशियल किंचित सरस ठरत म्हणून वरच्या फळीतले गिल्ड, म्हणजे खेळाडूंचे कायमचे संघ, तिकडे सरकले. फरक किरकोळ होता. पण ते गेल्यावर त्यांच्यात शिरू पाहणारे गेले, मग त्यांचे मित्र गेले, आणि रेडला माणसं होर्डमध्येच मिळतात हे नवं कारण मूळ कारणापेक्षा कितीतरी मोठं होऊन बसलं. आता रेशियल कितीही समसमान करा, त्यानं कुणी परतत नाही. ज्या कारणानं लोक गेले ते संपलेलं असतं, ज्या कारणानं ते थांबलेत ते वेगळंच असतं.

पीव्हीपी सर्व्हरवर हे आणखी लवकर घडतं. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये ‘क्लासिक’मध्ये, म्हणजे याच गेमच्या जुन्या रूपात, ऑनर सिस्टिम आली आणि मारण्याचे गुण मिळायला लागले. जिथे संख्या विषम होती तिथे कमी असलेल्या बाजूला उडत्या वाहनाच्या थांब्यापासून डंजनच्या, म्हणजे छोट्या गटानं लढत उतरायच्या भुयाराच्या, दारापर्यंत पोचणं मुश्कील झालं. माणसं पैसे भरून दुसऱ्या सर्व्हरवर गेली, तीही अर्थातच जिथे आपली बाजू भरलेली आहे तिथे. मागे राहिलेल्यांचे हाल आणखी वाढले. त्या लोकांना ‘टिकून राहायला हवं होतं’ असं सुनावणाऱ्यांचा मला राग येतो. खेळायला बसलेल्या माणसानं निम्मी संध्याकाळ गेममध्ये मरून, भूत होऊन आपल्या प्रेताकडे चालत जायचं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

कमी असलेल्यांना बलवान करणं हा दुसरा आवडता उपाय. 2008 मध्ये वॉरक्राफ्टमध्ये आलेल्या विंटरग्रास्पच्या लढाईत कमी पडणाऱ्या बाजूला टेनॅसिटी नावाचा बफ, म्हणजे तात्पुरती जादा ताकद, मिळायचा. संख्येतली तफावत जितकी मोठी, तितकं प्रत्येकाचं आयुष्य आणि मारा वाढायचा. कागदावर हिशोब जुळत होता. पण राक्षसासारखा ताकदवान झालेला एकटा खेळाडू युद्धयंत्रांचं वर्कशॉप राखताना किल्ल्याच्या भिंतीपाशी नसतो. जागा धरायला माणसं लागतात, आणि दोन ठिकाणी उभं राहण्याचा बफ अजून कुणी शोधलेला नाही. शेवटी त्यांनीच तिथे रांग लावून दोन्ही बाजूंच्या संख्येवर मर्यादा आणली, आणि तेच योग्य होतं. सर्व्हरची शिरगणती विषम असली तरी चालते. लढाईत उतरणारी माणसं समान असली की दोघांनाही खेळल्याचं समाधान मिळतं.

त्याची किंमत मोठ्या बाजूला रांगेत मोजावी लागते, हेही खरं. 2015 च्या मर्सिनरी मोडमध्ये रांग लांबली की समोरच्या बाजूकडून बॅटलग्राउंड, म्हणजे दोन बाजूंमधला सामना, खेळता यायचं. 2021 मध्ये ‘क्लासिक’च्या पुढच्या टप्प्यात, ‘बर्निंग क्रुसेड क्लासिक’मध्ये, होर्डची रांग इतकी वाढली की होर्ड विरुद्ध होर्ड सामने लावून पाहावे लागले. निष्ठावंतांना ते खुपलं. मला मात्र तासभर रांगेत बसवण्यापेक्षा ते बरं वाटतं.

तीन बाजू असाव्यात, हेही अनेक जण सुचवतात. 2001 च्या ‘डार्क एज ऑफ कॅमेलॉट’ या गेममध्ये अल्बियन, मिडगार्ड आणि हिबर्निया अशा तीन बाजू होत्या. दोन दुबळ्यांनी मिळून बलवानाला रोखावं ही त्यामागची आशा. कधी तसं होतंही. पण दोघांनी मिळून सगळ्यात दुबळ्याला लुटणं जास्त सोपं असतं.

तर मग करावं काय? सर्व्हर नवा असेल तर पहिल्या दिवसापासून जड बाजूला नवं कॅरेक्टर बनवणं थांबवावं. ‘क्लासिक’च्याच ‘सीझन ऑफ डिस्कव्हरी’ या नव्या हंगामाच्या पीव्हीपी सर्व्हरवर 2023 मध्ये असा चाप होता. यात उशिरा आलेला मित्र बाहेर अडकतो, म्हणून आधीच्या खेळाडूंना आपल्या ग्रुपसाठी थोड्या जागा राखता यायला हव्यात. सर्व्हर जुना असेल तर दोन बाजूंमधली भिंतच पातळ करावी. 2022 मध्ये वॉरक्राफ्टनं डंजन आणि रेडमध्ये दोन्ही बाजूंना एकत्र ग्रुप करू दिला, 2023 मध्ये गिल्डही एकत्र झाले. वैराची धार गेली अशी हळहळ मला समजते, मलाही ती धार आवडायची. पण अलायन्समध्ये राहूनही होर्डच्या मित्राबरोबर रेड करता येऊ लागली आणि बाजू सोडण्याचं सगळ्यात मोठं कारणच संपलं.

जिथे भिंत ठेवायचीच आहे, तिथे ट्रान्सफर एकेकट्याला देऊ नका. हलक्या बाजूकडे अख्खा गिल्ड फुकट जाऊ द्या, त्याच्या नावासकट, बँकेसकट आणि हुद्द्यांसकट. आणि तो गेल्यावर त्याच सर्व्हरवरून भरलेल्या बाजूकडे जाणारं विकतचं तिकीट काही महिने बंद ठेवा. कंपनीचं उत्पन्न बुडेल, म्हणूनच बहुधा हे कुणी मनापासून करत नाही.