किनवटचे तळे आणि पानांचे पालक

"सर, तुमच्या पानावर लिहिलंय अगदी तसंच केलं, तर आमचं तळं समुद्रात गेलंय बघा." किनवटच्या एका शिक्षिकाताईंचा हा फोन रविवारी सकाळी आला, तेव्हा मी लातूरच्या घरी चहा घेत होतो आणि पहिली दोन मिनिटे मला त्या काय म्हणत आहेत हे कळलेच नाही. त्यांनी पडद्याचे छायाचित्र पाठवले. शाळेजवळच्या गावतळ्याची हद्द पालघरच्या किनाऱ्यापलीकडे, अरबी समुद्रात, निळ्या पाण्यावर नीट उमटलेली होती. त्यांनी पायऱ्या चुकवल्या नव्हत्या. चूक आमच्या क्यूजीआयएसच्या मराठी मार्गदर्शिकेतल्या पानात होती आणि ते पान मीच लिहिले होते.

क्यूजीआयएस हा नकाशांवर काम करण्याचा मुक्तस्रोत कार्यक्रम आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये त्याची सुरुवात केली, २०१३ पर्यंत तो 'क्वांटम जीआयएस' या नावाने ओळखला जात होता, आणि त्याचे इंग्रजी डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापराची पुस्तिका, जगभरातील स्वयंसेवक सांभाळतात. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्यानंतर आमच्या भागात पाणलोट, नाला खोलीकरण, बंधाऱ्यांच्या जागा हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागले. नकाशा करू पाहणारे लोक वाढले, पण त्यांच्या हाती मराठीत काही नव्हते. म्हणून पुढच्या वर्षी आम्ही काही जणांनी एक साधे संकेतस्थळ आणि मराठी मार्गदर्शिका सुरू केली. ती मूळ पुस्तिकेचा अनुवाद नाही. आपल्या गावाचा नकाशा करताना जेवढे लागते तेवढेच तिच्यात आहे.

आता तळे समुद्रात कसे गेले ते सांगतो, कारण आमच्या स्वयंसेवकांची सगळी व्यवस्था या एका चुकीमुळे बदलली. पृथ्वीचा गोल सपाट कागदावर आणण्यासाठी यूटीएम पद्धतीत सहा सहा अंशांचे पट्टे करतात. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमध्ये ४३ वा पट्टा येतो आणि ७८ अंशांच्या पूर्वेला ४४ वा सुरू होतो. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, लातूर हे सगळे ४३ व्या पट्ट्यात बसते, त्यामुळे मी बिनधास्त लिहून टाकले होते की, फाइलसोबत प्रक्षेपणाची माहिती, म्हणजे तिच्यातले आकडे कोणत्या पट्ट्यातले आहेत ते, आली नसेल तर 'सेट लेअर सीआरएस'मध्ये जाऊन ३२६४३ हा ४३ व्या पट्ट्याचा क्रमांक निवडावा, कारण मराठवाडा त्यातच येतो. मराठवाडा त्यात येतो, पण सगळा नाही. माहूर ७८ अंशांच्या किंचित अलीकडे आहे आणि किनवट पलीकडे. ताईंना कोणा मोजणीवाल्याकडून मिळालेली फाइल ४४ व्या पट्ट्यातील आकड्यांत होती. त्या आकड्यांवर ४३ ची चिठ्ठी लावली की सगळे गाव नेमके सहा अंश पश्चिमेला सरकते, आणि किनवटपासून सहा अंश पश्चिमेला समुद्रच आहे.

मी घाईघाईने उत्तर दिले की ४३ च्या जागी ४४ करा. तळे जाग्यावर आले, ताईंनी आभार मानले, आणि संध्याकाळी त्यांचाच दुसरा प्रश्न आला: "मग समोरची फाइल कोणत्या पट्ट्यातली आहे, हे ओळखायचं कसं?" खरे काम या प्रश्नापासून सुरू झाले. उत्तर सोपे आहे, पण आमच्या पानावर ते कुठेच नव्हते. फाइलमधला पूर्वेकडचा आकडा वाचावा. किनवट गावाजवळचा बिंदू असेल, तर ४४ व्या पट्ट्यात तो दोन लाखांच्या घरात येतो आणि ४३ व्या पट्ट्यात आठ लाखांच्या पुढे जातो. शिवाय 'सेट लेअर सीआरएस' म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलणे आणि 'रीप्रोजेक्ट लेअर' म्हणजे डब्यातला जिन्नस बदलणे, हा फरकही आम्ही एका ओळीत गुंडाळला होता. शिकवताना मी वर्गात तो फरक दहा वेळा सांगतो. लिहिताना मात्र वाचणाऱ्याला तो माहीत असणारच, असे धरून चाललो होतो.

त्या पानाचे एक शेपूट राहिले होते. आपल्या भागासाठी ४३ निवडला तर क्षेत्रफळही चुकेल का, असे कोणीतरी विचारले. हिशेब केला. किनवटला ४३ वा पट्टा ओढूनताणून वापरला तर सपाट नकाशावर १०० हेक्टर सुमारे १००.२ हेक्टर दिसतात, म्हणजे वीसेक आर जास्त. पण गंमत अशी की योग्य पट्टा घेतला तरी ही वाढ पूर्णपणे जात नाही, सुमारे दोन तृतीयांश उरतेच, कारण किनवट दोन्ही पट्ट्यांच्या कडेलाच आहे. क्यूजीआयएसमधले 'डॉलर एरिया' हे सूत्र प्रकल्पाच्या मांडणीत ठरवल्याप्रमाणे पृथ्वीची वक्रता धरून मोजते आणि नुसते 'एरिया' हे सूत्र सपाट कागदावर मोजते, हे सांगणे पट्ट्यापेक्षा महत्त्वाचे निघाले. एका चुकीच्या क्रमांकाच्या मागे लागून आम्ही तीन परिच्छेद नव्याने लिहिले.

ही चूक इतकी वर्षे कोणाला दिसली कशी नाही, याचे उत्तर आमच्या पहिल्या रचनेत होते. आम्ही स्वयंसेवक गोळा केले ते पाने लिहिण्यासाठी. कार्यशाळा घ्यायची, प्रत्येकाला एक विषय द्यायचा, संध्याकाळपर्यंत पान तयार, आणि वर्षाअखेर किती पाने झाली ते अभिमानाने सांगायचे. ते पान उघडून, आपल्या तालुक्याची फाइल घेऊन, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन पाहणे हे काम कोणाचेच नव्हते. त्याला काम मानावे हेही आमच्या डोक्यात आले नव्हते. क्यूजीआयएस ३.० ही आवृत्ती २०१८ च्या फेब्रुवारीत आली, तेव्हा याचा पहिला फटका बसला होता. आधीच्या २.१८ मध्ये लेअरच्या नावावर उजवे बटण दाबले की 'सेव्ह ॲज' दिसत असे. ३ च्या मालिकेत ते 'एक्स्पोर्ट'च्या आत गेले. आमची निम्मी पाने 'सेव्ह ॲज' दाबा म्हणत राहिली आणि वाचणारे ते शोधत राहिले. त्यांतल्या बहुतेकांनी आम्हाला काही कळवले नाही. ते निमूटपणे निघून गेले असणार.

मध्यंतरी एका महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना प्रमाणपत्र मिळेल या अटीवर आमच्याकडे पाठवले. आठवडाभरात कितीतरी बदल आले, बहुतेक स्वल्पविरामांचे, काही 'खूप छान' हे शब्द जोडणारे, आणि एक तर आमचेच वाक्य जसेच्या तसे परत पाठवणारा. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. मुक्तस्रोत प्रकल्पांना हातभार लावण्याच्या, २०१४ पासून चालणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० साली टी-शर्टाच्या आशेने असल्याच निरर्थक बदलांचा इतका पूर आला की, संयोजकांना चालू महिन्यातच नियम बदलून, सहभागी व्हायचे की नाही हे प्रकल्पांवर सोपवावे लागले. ज्या गोष्टीची मोजदाद ठेवाल तीच पदरात पडते, हे आम्ही थोड्या खर्चात शिकलो.

किनवटच्या फोननंतर आम्ही 'पालक' ठरवायला सुरुवात केली. प्रत्येक पानाला एक पालक. त्याने ते लिहिलेलेच असावे असे नाही, पण वर्षातून एकदा, दीर्घकाळ सांभाळली जाणारी नवी आवृत्ती आली की, त्याने आपल्या गावाची माहिती घेऊन त्या पानावरील प्रत्येक पायरी हाताने करून पाहायची आणि जिथे अडेल तिथे अडलो असे लिहायचे. दुरुस्ती त्यानेच करावी अशी अट नाही. मूळ प्रकल्पाचीही एक सोय आम्हाला आवडते. तिथे कार्यक्रमात झालेल्या बदलावर 'डॉक्युमेंटेशन हवे' अशी खूण असली की तो स्वीकारताच डॉक्युमेंटेशनच्या यादीत आपोआप एक नोंद उघडते. आमच्याकडे तसे यंत्र नाही. त्याचे काम माझी एक वही करते.

पालकांमध्ये अंबाजोगाईचे एक निवृत्त भूकरमापक काका आहेत. त्यांच्या घरी बसून आम्ही हद्द आखण्याचे पान पहिल्यांदा तपासले, तो दुपारचा दीड तास मला चांगला आठवतो. मी मोठ्याने वाचत होतो, "उजवे बटण दाबा." काकांनी हात थांबवला आणि विचारले, "कशावर?" मी पडद्याकडे पाहिले. नकाशावर दाबले तर एक यादी उघडते, डावीकडच्या लेअरच्या नावावर दाबले तर दुसरी. पानात काहीच लिहिलेले नव्हते. पुढे त्यांनी क्षेत्रफळाच्या रकान्यात 'चौरस मीटर' पाहून नाराजी दाखवली आणि सातबारा ज्यांच्या हातात असतो त्यांना हेक्टर-आर दिसले पाहिजे, असे बजावले. त्या दीड तासात एकूण चौदा ठिकाणी खुणा झाल्या. हेच पान अभियांत्रिकीच्या दोन विद्यार्थ्यांनी आधी 'तपासले' होते आणि त्यांना एकही चूक सापडली नव्हती, कारण त्यांना पायऱ्या आधीच येत होत्या.

आमच्या पानांतला प्रत्येक बदल गिट या नोंद ठेवणाऱ्या कार्यक्रमात जातो, पण काकांना गिट शिकवायचा प्रयत्न मी केला नाही. ते फोनवर बोलतात किंवा कागदाचे छायाचित्र पाठवतात आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा आमचा एक मित्र ते गिटच्या भांडारात चढवतो. मात्र गिटमध्ये मजकुराचा लेखक आणि त्याची नोंद करणारा यांची दोन वेगळी घरे असतात, म्हणून लेखकाच्या घरात नाव काकांचेच जाते. एकदा त्यांच्या नातवाने इतिहासाच्या यादीत ते नाव शोधून त्यांना दाखवले. त्यानंतर काकांच्या दुरुस्त्या दुप्पट झाल्या! आमच्या सगळ्या नियमांपैकी या एका नियमाचा आणि दोन दिवसांत उत्तर देण्याच्या नियमाचा जेवढा उपयोग झाला, तेवढा बाकीच्यांचा नाही. उत्तर 'आत्ता जमणार नाही' असे असले तरी चालते. पण आठवडाभर काहीच न कळवल्याने आम्ही चांगली दोन माणसे गमावली.

वेळापत्रकात मी स्वतः एक फजिती करून घेतली आहे. एका वर्षी सगळ्यांची एकत्र फेरतपासणी मी कॅलेंडरवर दर्श अमावस्येचा दिवस न बघता ठरवली आणि ती नेमकी 'वेळ अमावस्ये'ला, म्हणजे आमच्याकडच्या येळवशीला, आली. लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना पुढचे सांगायला नको. शहर ओस पडले होते, माणसे शेतात आंबील-भज्जीला गेली होती, आणि दुपारपर्यंत मला तीन शेतांतून जेवायला येण्याचे फोन आले. मीही गेलो. तेव्हापासून फेरतपासणी येळवशीनंतरच्या रविवारी असते. जून-जुलैत पेरणी आणि ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असताना कोणाला काही मागायचे नाही, हेही ठरले आहे.

संकेतस्थळाची कथा लहान आहे, पण तिच्यामुळे अजूनही मान खाली जाते. त्याचे नाव ज्या विद्यार्थ्याने नोंदवले त्याने महाविद्यालयाचा ईमेल दिला होता. तो शिक्षण संपवून पुण्याला गेला, तो ईमेल बंद झाला, नूतनीकरणाच्या सूचना कोणालाच पोहोचल्या नाहीत आणि अकरा दिवस संकेतस्थळ दिसत नव्हते. आता सगळ्या चाव्या दोन वेगवेगळ्या गावांतील दोघांकडे असतात.

शोधाची एक अडचण मात्र मजेदार होती. 'शेतकऱ्यांसाठी' किंवा 'बंधाऱ्याची जागा' असे शोधले की काही पाने सापडत आणि काही नाहीत. डोळ्यांना दोन्हीकडची अक्षरे सारखीच दिसत होती. शेवटी लक्षात आले की तो अर्धा र काहींनी नुक्त्याच्या ऱ पासून टंकलेला होता आणि काहींनी साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह देऊन. एका दुपारी सगळे एकसारखे करून टाकले. पारिभाषिक शब्दांचा वाद मात्र इतक्या सहज मिटला नाही. लेअरला 'थर' म्हणावे की नाही यावर दोन बैठका गेल्या. पडद्यावर जे नाव दिसते ते पानावर तसेच द्यायचे आणि समजावून सांगताना हवा तो मराठी शब्द वापरायचा, असे शेवटी ठरले. 'बफर'ला, म्हणजे एखाद्या जागेभोवती ठरावीक अंतरावर आखलेल्या घेराला, सुचवलेला पंचाक्षरी शब्द त्यात बाद झाला याचे मला दुःख नाही.

पालक न मिळालेली पाने आम्ही संकेतस्थळावरून काढून ठेवतो. हा निर्णय काहींना पटलेला नाही. चुकीचे का होईना, काहीतरी असावे, असे त्यांचे म्हणणे आहे. समुद्रातले तळे पाहिल्यापासून मला ते मान्य होत नाही. सध्या चोवीस पाने आहेत आणि पाच काढून ठेवलेली आहेत. त्या पाचांत जुने गावनकाशे जागेवर बसवण्याचे, म्हणजे जिओरेफरन्सरचे, पान आहे आणि लोक सर्वांत जास्त विचारतात तेही त्याच पानाबद्दल. धाराशिवच्या एका तरुणाने मागच्या आठवड्यात त्याची चौकशी केली. त्याच्याकडे आजोबांच्या पेटीत सापडलेला गावनकाशा आहे, एका घडीवर फाटलेला. पान अजून अर्धवट आहे हे सांगून मी ते त्याला पाठवले आहे, आणि काढणी उरकली की एकेक पायरी करून कुठे अडते ते कळवतो, असे तो म्हणाला आहे.