सैन्यातल्या सीजे-3बीला कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स

लष्कराच्या लिलावातून कधीकाळी सुटलेली महिंद्राची सीजे-3बी जीप गॅरेजला आली, तेव्हा मालकाच्या मनात यादी पक्की होती. "मिस्त्री, एक्सडी-3पी डिझेल इंजिन टाका, त्याला पाचगिअरी बॉक्स बसवा. या इंजिनात दम नाही. फोर-व्हीलचा लिव्हर अडकतो आणि ट्रान्सफर केस पुन्हा खाल्ली." ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी. पैसे खर्चायची तयारी होती, गाडीवर जीवही होता. बॉनेटखाली होतं 2523 सीसीचं एमडीआय डिझेल. या गाडीचं मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन कधीच भंगारात गेलं होतं.

इंजिन कोणतं, या प्रश्नाला आम्ही लगेच हात घालत नाही. आधी गाडीखाली जातो. गिअरबॉक्स न्यूट्रल, ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्ये. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर घट्ट ठेवायचं, आणि प्रॉपेलर शाफ्टवर (ट्रान्सफर केसपासून चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर) खडूची खूण करून उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं. एक चाक स्थिर असल्यामुळे डिफमधलं (डिफरन्शियल, दोन चाकांमधला गिअरसंच) मोठं दातेरी चक्र, म्हणजे क्राउन, एकच फेरा घेतं, म्हणून शाफ्ट जितके फेरे घेईल तोच डिफचा रेशो. मागे पाचाला थोडे कमी भरले. मग तसंच पुढचं चाक फिरवलं, तर पाच आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. कव्हर उघडून दाते मोजले. मागे 39/8 म्हणजे 4.88, पुढे 43/8 म्हणजे 5.38.

गाडीचा आजार इथे होता. या जीपच्या डाना 18 ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं सेंटर डिफरन्शियल नसतं. फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. रेशोत दहा टक्के फरक असेल, तर मागची चाकं पुढच्यांपेक्षा दहा टक्के जास्त अंतर कापायला बघतात. चिखलात टायर घसरून हिशेब मिटतो. खडकावर आणि डांबरावर टायर घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसच्या दात्यांवर साठतो. लिव्हर अडकतो तो याच पिळामुळे. अशा गाडीत जास्त ताकदीचं इंजिन टाकलं असतं, तर नवी केस जुनीपेक्षा लवकर गेली असती. वेग वाढावा म्हणून कुणीतरी फक्त मागचं क्राउन-पिनियन (मोठ्या-छोट्या दातेरी चक्रांची जोडी) बदललं असणार. पुढचा आणि मागचा डिफ वेगळ्या बांधणीचा, मागचा सेट पुढे बसत नाही, म्हणून पुढचं तसंच राहिलं.

दुसरी गोष्ट बेल हाऊसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या घराला) डायल गेज लावल्यावर कळली. एमडीआयला जीपचा मूळ टी-90 गिअरबॉक्स जोडायला वापरलेली अडॅप्टर प्लेट हाताने भोकं पाडून बनवलेली होती. हाऊसिंगचा बोअर क्रँकच्या मध्याशी 0.25 मिमीच्या आत जुळायला हवा, इथे त्याच्या दुपटीहून जास्त फरक. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट तिरका चालला की त्याचं टोक धरणारा पायलट बुश गोल राहत नाही, क्लच थरथरतो आणि गिअर आपोआप सुटतो.

आता निवड. एक्सडी-3पी, 2498 सीसी, चांगलं इंजिन आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या जोडीचा पाचगिअरी बॉक्स डाना 18ला थेट बसत नाही. मधे अडॅप्टर आला की लांबी वाढते, आणि या जीपचा व्हीलबेस मुळात 80 इंच. मागचा प्रॉपेलर शाफ्ट आधीच आखूड, तो आणखी कापला की युनिव्हर्सल जॉइंटचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातो. पाचवा गिअर वेगासाठी हवा म्हणावं, तर ब्रेक बघा: चारही चाकांना 9 इंची ड्रम. या ड्रमांवर गाडी ताशी 90 किमीला नेणं मला मान्य नाही.

एमडीआय ठेवायचं म्हटलं तरी गणित जुळत नव्हतं. 6.00-16 टायर एका फेऱ्यात साधारण 2.2 मीटर जातो. 5.38 डिफवर ताशी 80 किमीला इंजिन सुमारे 3260 आरपीएमला फिरतं, आणि हे डिझेल 3200च्या आसपासच थांबतं. म्हणजे मागे पुन्हा 5.38 बसवलं की हे डिझेल हायवेवर सतत शेवटच्या टोकाला.

शिवाय नोंदणीपुस्तकात इंधन 'पेट्रोल'. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार चालवून घेत नाही. जुलै 2021च्या विंटेज नियमांत 50 वर्षांहून जुन्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच.

म्हणून मत दिलं: त्याच जातीचं हरिकेन इंजिन शोधायचं, टी-90 आणि डाना 18 नव्याने बांधायचे, मागे त्याच्या जोडीचं मूळ 5.38 परत आणायचं. पहिल्या गिअरचा 2.8, ट्रान्सफर केसच्या लो रेंजचा (हळू चालीच्या गिअरचा) 2.46 आणि डिफचा 5.38, गुणाकार 37. इंजिन 600 आरपीएमला ठेवलं तर गाडी ताशी दोन किमीने, माणसाच्या चालीपेक्षा हळू, दगडांवरून चढते. 2000 आरपीएमच्या आसपासच पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) देणाऱ्या इंजिनाला टनभर वजनाच्या जीपसाठी आणखी खालचा गिअर लागत नाही. मालक थोडे खट्टू झाले, पण दोन फेऱ्यांची ती चाचणी त्यांनी स्वतः करून पाहिली आणि मग हो म्हणाले.

हरिकेन घेताना आधी ब्लॉक बघायचा. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतो. एक्झॉस्टची सीट आणि सिलिंडर यांच्या मधल्या पातळ भागात चीर जाते. हेड काढून, घासून, चीर तपासणाऱ्या रसायनाने ती जागा बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पहिला ब्लॉक इथेच नापास झाला. पसंत पडलेल्याचं बोअरिंग आणि क्रँकचं ग्राइंडिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरात झालं. टॅपेटची फट थंड इंजिनावर इनटेक 0.018 आणि एक्झॉस्ट 0.016 इंच. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. कॉम्प्रेशन 120 ते 130 पीएसआय यायला हवं. आता मिळतं ते ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्यात जुनं रबर फुगतं, त्यामुळे पंपाचा पडदा आणि सगळे होज नवे, इथेनॉल सोसणारेच घातले.

टी-90त गिअर सहज पडावा म्हणून सिंक्रोचे ब्रास (पितळी) रिंग असतात. त्यात जीएल-4 दर्जाचं 90 ग्रेड तेल घालावं. जीएल-5मधली काही रसायनं पितळ खातात. डाना 18चा इंटरमीडिएट शाफ्ट झिजला असेल तर नुसती बेअरिंग बदलू नयेत, महिन्याभरात पुन्हा आवाज सुरू होतो. मागचा पिनियन बसवताना बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) 0.10 ते 0.15 मिमी ठेवला आणि दात्यांना रंग लावून ठसा मधोमध येतोय हे बघितलं.

गाडी देताना मालकांना सांगितलं ते असं. पहिल्या 500 किमीनंतर तेल बदलायचं आणि हेडचे नट पुन्हा टॉर्कला बघायचे. तोवर ताशी 55च्या वर जायचं नाही. पुढे-मागे रेशो आता सारखे आहेत, तरीही डांबरावर फोर-व्हील लावायचं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या केसमध्ये तो फरक सोसायला काहीच नाही.