आता पुढे कोणते पुस्तक?

एखादे पुस्तक पूर्ण झाले की आमच्या शुक्रवारच्या शास्त्राभ्यासात, म्हणजे बायबलच्या सामूहिक वाचनात, पुढचे दोन आठवडे काहीच शिकले जात नाही. त्या दोन आठवड्यांत आम्ही फक्त आता काय घ्यायचे याचा विचार करतो, आणि प्रार्थनेने सुरू झालेला हा विचार चहा येईपर्यंत बहुधा वादाला पोचलेला असतो. गेली नऊ वर्षे या अभ्यासाची वही माझ्याकडे आहे. कोणाच्या घरी बसलो, कोण आले, कोणता अध्याय झाला, एवढेच तिच्यात लिहायचे असते. पण मध्यंतरी मागची पाने चाळताना माझ्या असे ध्यानात आले की आम्ही काय निवडले यापेक्षा काय टाळले, याचीच ती नोंद अधिक आहे.

आम्ही पंधरा-सोळा जण आहोत, पुण्यातल्या एका जुन्या ख्रिस्ती मंडळीचे सभासद. मूळ गाव विचारले तर निम्म्याहून अधिक जण नगर जिल्ह्यातले निघतील. प्रत्येकाची मागणी आता मला तोंडपाठ झाली आहे. तरुणांना दर वेळी प्रकटीकरण, म्हणजे जगाच्या अंताबद्दलचे शेवटचे पुस्तक, हवे असते, विशेषतः टीव्हीवर कुठल्या तरी युद्धाच्या बातम्या चालू असल्या म्हणजे. महिला मंडळातल्या भगिनींना स्तोत्रसंहिता हवी असते, म्हणजे खरे पाहता २३वे, ९१वे आणि १२१वे ही तीन स्तोत्रेच हवी असतात. उरलेल्या १४७ स्तोत्रांत देवाने शत्रूंचे दात पाडावेत अशी विनवणी करणारीही आहेत, याची आठवण करून दिली की विषय बदलतो. निवृत्त मुख्याध्यापक असलेले एक काका नेहमी रोमकरांस पत्र सुचवतात. ते आम्ही एकदा घेतलेही होते. सातव्या अध्यायापर्यंत बहुतेक काकाच बोलले आणि आठव्याच्या तोंडाशी, जिथे ते पत्र खऱ्या अर्थाने मोकळा श्वास घेते, मे महिन्याची सुट्टी लागली. ते काम अर्धे राहिले आहे, असे काकांचे म्हणणे आहे.

निवडीचा निकाल पुष्कळदा श्रद्धेवर लागत नाही, तो पानांच्या जाडीवर लागतो. कोणी पुस्तकाचे नाव घेतले की चार-पाच जण हळूच त्याचे शेवटचे पान शोधतात. आमचे माप आठवड्याला एक अध्याय असे आहे. वास्तविक हे अध्याय मूळ लेखकांनी पाडलेले नाहीत, ती तेराव्या शतकातली सोय आहे. परंतु आम्ही ते रेशनच्या मापासारखे पाळतो. पवित्र शास्त्रात पुस्तके ६६ आणि अध्याय ११८९. एकही शुक्रवार न चुकवता ते सगळे वाचायचे म्हटले तरी जवळजवळ तेवीस वर्षे लागतील, आणि नाताळ, लग्नसराई, परीक्षा, पाऊस यांच्या खाड्यांचा हिशेब अजून केलेलाच नाही. एकदा मी यशया संदेष्ट्याचे पुस्तक सुचवले तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वयस्कर आजींनी ६६ अध्याय ऐकून शांतपणे सांगितले, ‘‘तुम्ही घ्या. मी यशयालाच जाऊन भेटते, ते लवकर होईल.’’ यशया बारगळले.

पुस्तकाऐवजी विषय घ्यावा, अशीही एक सूचना असते: विवाह, मुलांचे संगोपन, पैसा, चिंता. ही सूचना वाईट नाही, पण माझे मत तिच्या विरुद्ध आहे आणि ते मी लपवत नाही. विषय ठरला की उत्तरही आधीच ठरलेले असते. मग शास्त्रातून फक्त साक्षीदार बोलवायचे उरतात आणि आपल्याला सोयीची साक्ष देणारेच बोलावले जातात. एका वर्षी आम्ही प्रश्नांची छापील पुस्तिका आणून पाहिली. त्या पुस्तिकेत गाळलेल्या जागा भरायच्या होत्या. तिसऱ्या धड्यापर्यंत सर्वांच्या लक्षात आले की कोणत्याही जागी ‘विश्वास’ किंवा ‘प्रेम’ लिहिले तरी चालते, आणि मग पुस्तिकेची गरज राहिली नाही. उलट पुस्तक सलग घेतले की आपल्याला नको असलेले वचनही वाटेत उभे राहते आणि त्याला वळसा घालता येत नाही. फिलेमोनाला लिहिलेले पत्र अवघ्या २५ वचनांचे आहे म्हणून आम्ही ते एका संध्याकाळपुरते घेतले होते. पळून आलेला दास आणि त्याचा धनी यांच्यावरून बोलणे घरकामाला येणाऱ्या बाईंच्या पगारापर्यंत गेले आणि ती २५ वचने तीन शुक्रवार पुरली.

वसईचे माझे एक कॅथलिक सहकारी आमच्या या वादांना हसतात. त्यांच्याकडे रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात लावून दिलेली आहेत, येशूच्या चार चरित्रांपैकी एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान ठरलेल्या जागी मधूनमधून. पुढे काय, हा प्रश्नच कोणाला पडत नाही. मला कधी कधी त्यांचा हेवा वाटतो. पण नाही म्हटले तरी निवडता येणे हाही एक लाडच आहे. श्रीरामपूरच्या छापखान्यातून (हे बंगालमधले श्रीरामपूर, नगर जिल्ह्यातले नव्हे) मराठी नवा करार १८११ मध्ये बाहेर पडला, त्याआधी मराठी माणसाला या विषयावर वाद घालायला जागाच नव्हती. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्र आणण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. आणि आम्ही तेच शास्त्र मांडीवर घेऊन शेवटचे पान किती दूर आहे ते पाहतो.

रूथचे पुस्तक आम्ही याच रीतीने निवडले. पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) सुट्टी लागेपर्यंत चार शुक्रवार होते आणि रूथचे अध्याय चार आहेत. याहून वरच्या दर्जाचे कारण वहीत सापडत नाही. दुसऱ्या शुक्रवारी महाविद्यालयात जाणारी एक मुलगी मोबाइलवरून दुसरा अध्याय वाचत होती. मवाबातून सासूबरोबर आलेली विधवा रूथ शेतात ‘सरवा’ वेचायला निघते, त्या शब्दाशी ती अडली आणि तिने वर पाहिले. सरवा म्हणजे काय? संगणकाच्या कंपनीतल्या एका भावाने ‘‘सर्व्हे असेल’’ असा अंदाज केला. काका शब्दाचा मूळ धातू शोधू लागले. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला.

दाराजवळ नेवाशाकडच्या एक मावशी बसतात. चार घरी स्वयंपाक करतात, शेवटच्या घरी जायचे असल्यामुळे चहाच्या आत उठतात, आणि पुढचे पुस्तक कोणते हे त्यांना आजवर कोणी विचारलेले नव्हते. त्या म्हणाल्या, ‘‘सरवा म्हणजे पीक काढून नेल्यावर रानात राहतं ते. बाजरीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा. आईच्या मागं आम्ही भावंडं जायचो. ओटीत घालायचं आणि मान वर करायची नाही.’’ मग त्यांनी मुलीला पुढे वाचायला सांगितले. शेताचा धनी बवाज जेवणाची सुट्टी संपल्यावर आपल्या गड्यांना सांगतो की तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, आणि पेंढ्यांतूनच काही काही उपसून तिच्यासाठी मुद्दाम टाकत जा. मावशींनी ते वचन पुन्हा वाचायला लावले.

‘‘म्हणजे त्यानं तिला कळू दिलं नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमच्याकडं एक मालक होता. त्याच्या रानात कणसं लई सांडायची. आई म्हणायची, ह्याचे गडी आळशी आहेत.’’ बोलता बोलता त्या थांबल्या. स्वयंपाकघरात कपबश्या मांडल्याचा आवाज येत होता तो थांबला. ‘‘गडी आळशी नव्हते म्हणायचे,’’ एवढे बोलून त्यांनी पिशवी उचलली आणि नेहमीप्रमाणे चहाच्या आत त्या गेल्या.

त्या संध्याकाळी पुढे वाचन झाले नाही. रूथचे चार अध्याय सुट्टी ओलांडून सात शुक्रवार चालले. काकांनी घरी बसून शोध घेतला आणि पुढच्या खेपेला कागद घेऊन आले: सरव्याचा नियम लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. शेताच्या कडा पुऱ्या कापू नयेत, सरवा वेचून घेऊ नये, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावा. अनुवादाच्या २४व्या अध्यायात रानात विसरलेल्या पेंढीबद्दलही तसेच सांगितले आहे. (अनुवाद हे पुस्तकाचे नाव आहे, भाषांतर नव्हे, हे नव्या माणसाला दर वेळी समजावून द्यावे लागते.) बवाजाने जे केले त्याचे मूळ, म्हणजे, नऊ वर्षांत ज्याचे नाव आमच्या वहीत एकदाही आलेले नाही त्या लेवीयात होते.

रूथ संपल्यावर रिवाजाप्रमाणे पुन्हा तोच प्रश्न निघाला. प्रकटीकरण आले, स्तोत्रे आली, काकांनी खाकरून घसा साफ केला. या वेळी आजींनी दाराकडे वळून मावशींना विचारले. ‘‘मग ते लेवीयच घ्या की,’’ मावशी म्हणाल्या.

सगळ्यांनी एकदम शेवटचे पान पाहिले. अध्याय २७. पहिल्या सातांत निरनिराळी अर्पणे आणि त्यांचे विधी, तेराव्या-चौदाव्यात अंगावरचे चट्टे आणि घराच्या भिंतींना चढलेली बुरशी. संगणकवाल्या भावाने तोडगा काढला की आपण थेट एकोणिसाव्यापासूनच सुरुवात करावी.

‘‘पहिल्यापासून गेलं तर तिथवर किती शुक्रवार?’’ मावशींनी विचारले.

‘‘अठरा.’’

‘‘म्हणजे चार महिने. ज्वारीबी तेवढ्यातच येते.’’

मी वहीत ‘लेवीय, अध्याय १’ असे लिहून तारीख घातली. काकांनी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातली खूण काही काढली नाही.