वंशावळीची फाईल: ऑर्ग-मोडवरून ग्रॅम्प्सकडे

मागच्या नोंदीत आमची वंशावळ ऑर्ग-मोडमध्ये (इमॅक्स एडिटरमधलं साध्या मजकुरात रूपरेषा लिहायचं साधन) होती. तिथे पिढी म्हणजे नावाआधीच्या ताऱ्यांची (*) संख्या. फाटा मिटायला टॅब, एक पायरी आत ढकलायला ऑल्ट आणि उजवा बाण. हात बसला की याच्याइतकं चपळ काही नाही. मग दांडिया बाजारातल्या काकांनी जुन्या वहीतून वरची आणखी एक पिढी काढून दिली. ती घातली आणि खालच्या प्रत्येक नावाला एकेक तारा वाढला. फाईलमधले बदल ओळीओळीने टिपणाऱ्या गिटच्या लेखी अख्खी फाईल बदलली. वाढला होता एक पूर्वज, पण त्या गर्दीत तो शोधून दाखवा!

तेही चाललं असतं. अडलं ते दत्तकावर. चाचणीला मी नेहमी गायकवाड घराणंच घेतो, बडोद्यात राहून दुसरं कुठलं घेणार? तिसरे सयाजीराव १८६३ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याला जन्मले, काशीरावांचे गोपाळराव म्हणून. १८७५ मध्ये बडोद्याचे दिवंगत महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं आणि ते खंडेरावांच्या पातीत (शाखेत) आले. ऑर्ग-मोडसारख्या आउटलायनरमध्ये मात्र एका नोडच्या (म्हणजे एका नोंदीच्या) वर एकच नोड. महाराजांना कवळाण्याला ठेवलं तर गादी रिकामी, बडोद्यात आणलं तर जन्मदाते गायब.

फ्रीप्लेन या माइंड-मॅप (फांद्यांचा नकाशा) काढायच्या प्रोग्राममध्ये यासाठी क्लोन आहे: एक नोड दोन जागी, इकडे दुरुस्ती केली की तिकडेही होते. लिओ एडिटर या आउटलायनरमध्येही क्लोनवर मोठी भिस्त आहे. सोय झकास, पण जन्माची जागा कुठली आणि दत्तकाची कुठली हे क्लोनला ठाऊक नसतं. ते टीप लिहून सांगायचं. त्यात मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असलं (आमच्याकडे आहेच) की तेच पणजोबा दोन्हीकडून येतात आणि नकाशा पसरत जातो.

म्हणून ग्रॅम्प्स, खास वंशावळीसाठीचा प्रोग्राम. तिथे झाड साठवलेलंच नसतं. माणसाची नोंद वेगळी, कुटुंबाची वेगळी. झाड त्यांवरून काढून दाखवतात. एक मूल दोन कुटुंबांत राहू शकतं, आणि प्रत्येक ठिकाणी वडिलांशी नातं कोणतं, आईशी कोणतं, हे स्वतंत्र नोंदवता येतं. सासरचं नावही माहेरच्या नावाशेजारी राहतं, एकासाठी दुसरं पुसावं लागत नाही.

तिथून निघालेली जेडकॉम फाईल (वंशावळीच्या देवाणघेवाणीचा मजकुरी फॉर्मॅट) साध्या एडिटरमध्ये उघडून बघाच. ओळीच्या सुरुवातीचा आकडा पिढीचा नव्हे, त्या नोंदीतल्या खोलीचा. पिढ्या कितीही वाढोत, फाईल आत आत सरकत नाही. अख्खी शाखा दुसऱ्या घरात जोडली तरी बदलतात त्या मोजक्या ओळी. १९८४ चा हा फॉर्मॅट, पण एकात एक कंस कोंबलेल्या जेसन या डेटा-फॉर्मॅटपेक्षा मला तोच शहाणा वाटतो. देवनागरीसाठी यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) तेवढं तपासून घ्या. २०२१ च्या ७.० आवृत्तीत ते सक्तीचंच आहे.

फ्रीप्लेन सोडलेलं नाही. ग्रॅम्प्सचे फॉर्म पाहिले की काका चहाला उठतात. फांदी ओढून दाखवली की मात्र लगेच, "अरे, तो धाकट्या पातीतला, खाली घे त्याला." त्यामुळे माहिती गोळा करायची फ्रीप्लेनमध्ये, ठेवायची ग्रॅम्प्समध्ये. मधला पूल, म्हणजे एकातून दुसऱ्यात माहिती नेणारी स्क्रिप्ट, पायथनमध्ये लिहितो आहे. फ्रीप्लेनची फाईल म्हणजे एक्सएमएल आणि प्रत्येक नोडला स्वतःचा आयडी, त्यामुळे माणसं नीट उतरतात. दोन लग्नं झालेल्या पुरुषाची मुलं कुठल्या आईकडे घालायची, हे स्क्रिप्टला अजून कळत नाही. बायकोला मधला नोड करून बघणार आहे. कुणी आधी केलं असेल तर सांगा.