ग्रिम्सबीचं मैदान ग्रिम्सबीत नाही

ग्रिम्सबी टाउन हा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रिम्सबी या मासेमारीच्या बंदराचा फुटबॉल क्लब. त्याचं मैदान, ब्लंडेल पार्क, शेजारच्या क्लीथॉर्प्सच्या हद्दीत येतं. त्यामुळे हा क्लब घरचे सामनेसुद्धा परगावीच खेळतो, असा विनोद तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तुमचं त्या क्लबशी काही नातं नसलं तरी पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी तो ऐकवतंच.

इंग्लंडला जाणारा आपला फुटबॉलवेडा माणूस बहुतेक वेळा ओल्ड ट्रॅफर्ड, अ‍ॅनफिल्ड किंवा एमिरेट्स गाठतो, स्टेडियमची टूर करतो, मफलर घेतो आणि परततो. त्यात वाईट काही नाही. पण कपचा (म्हणजे हरला तो बाहेर अशा स्पर्धेचा) सामना जिंकल्यावर पाठीराखे नेमकं काय करतात हे बघायचं असेल, तर खालच्या डिव्हिजनच्या क्लबाचं मैदान गाठावं असं माझं ठाम मत आहे. मोठ्या क्लबाला कपची दुसरी-तिसरी फेरी म्हणजे राखीव खेळाडूंना संधी देण्याचा दिवस. चौथ्या डिव्हिजनच्या गावाला तीच रात्र दहा-दहा वर्षं पुरते.

लंडनहून किंग्ज क्रॉसवरून डॉन्कास्टर गाठायचं आणि तिथून क्लीथॉर्प्सची गाडी पकडायची. शेवटच्या टप्प्यात डाव्या हाताला डॉक टॉवर दिसतो. 1852 मध्ये पूर्ण झालेला हा 94 मीटर उंच विटांचा मनोरा इटलीतल्या सिएना शहराच्या मनोऱ्यावरून बेतलेला आहे. बंदराच्या फाटकांना लागणारा पाण्याचा दाब मिळावा म्हणून तो बांधला होता. क्लीथॉर्प्स हे शेवटचं स्टेशन. रूळ तिथं संपतात आणि प्लॅटफॉर्मबाहेर पडलं की समोर हम्बर नदीचं मुख. ओहोटी असेल तर पाणी इतकं आत गेलेलं असतं की नुसता चिखल आणि वाळूच दिसते. स्टेशनापासून मैदान ग्रिम्सबी रोडने साधारण दोन किलोमीटर. न्यू क्ली नावाचं छोटं स्टेशन मैदानाला बरंच जवळ आहे, पण तिथं फक्त बार्टनच्या मार्गावरच्या लहान गाड्या जातात आणि त्याही विनंती केली तरच थांबतात. उतरायचं असेल तर आधी गार्डला सांगावं लागतं. न सांगितल्यास गाडी सरळ पुढे निघून जाते.

खरी अडचण परतीची. लीग कपचे (सध्याचं नाव काराबाओ कप) सामने बहुधा मंगळवार-बुधवारी रात्री आठच्या सुमारास सुरू होतात. त्यात सुरुवातीच्या फेऱ्यांत बरोबरीनंतर जादा वेळ नसतो, थेट पेनल्टी. एफए कप या दुसऱ्या मोठ्या कपमध्ये मात्र आधी 30 मिनिटांचा जादा वेळ आणि मग पेनल्टी. म्हणजे रात्रीचा सामना साडेदहा-अकरापर्यंत लांबू शकतो आणि तोवर लांबच्या गाड्या गेलेल्या असतात. मुक्काम तिथंच करायचा असं धरूनच निघावं. किनाऱ्यावरच्या खोल्या सामन्याचं ठिकाण आणि तारीख पक्की झाली की लगेच भरतात, त्यामुळे हातात तिकीट यायच्या आधी खोली धरून ठेवावी, फक्त रद्द करता येणारी.

सीझन तिकिटात कपचे सामने धरलेले नसतात. आधी सीझन तिकीटवाल्यांना ठरावीक मुदत, मग सदस्यांना, उरलीच तर सर्वांना, असा क्रम. समोर मोठा क्लब आला की क्लब आधीच्या खरेदीची नोंद मागतो. म्हणून शहाणपणाचा मार्ग असा की लीगमधल्या एखाद्या थंड शनिवारच्या सामन्याचं तिकीट आपल्या नावाने आधी काढून ठेवावं. रस्त्यावर तिकीट विकणाऱ्याकडे जाऊ नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं हा 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि विकणारा पळाला की फाटकावर अडकतो तो घेणारा.

बसायचं कुठं? गोलामागचं पॉन्टून हे घरच्या पाठीराख्यांचं मूळ ठाणं. आवाज हवा असेल तर तिथं. मेन स्टँडचा जुना भाग 1901 चा आहे. तिथं लाकूड आहे, खांब आहेत, आणि एखादा खांब नेमका गोलाच्या आड येतो, म्हणून तिकीट काढताना ‘अडथळा असलेली जागा’ असा शेरा आहे का ते वाचावं. समोरच्या दुमजली स्टँडच्या वरच्या मजल्यावरून मेन स्टँडच्या छपरापलीकडे हम्बरमधली जहाजं दिसतात. प्रतिक्रिया बघायला आलेल्याने तीच जागा घ्यावी. सगळं मैदान एका नजरेत येतं आणि गर्दी सरकली तरी तुम्ही चेंगरत नाही. पाहुण्यांसाठी ऑसमंड स्टँड असतो. घरच्या भागात बसून पाहुण्यांचे रंग घालू नयेत. सुरक्षारक्षक बाहेर काढतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

आता मासा. हवेने फुगवलेला हॅडॉक मासा, नाव हॅरी, ही या क्लबाची खूण. मँचेस्टर सिटीच्या पाठीराख्यांनी फुगवलेली केळी मैदानात आणायला सुरुवात केली तो ऐंशीच्या दशकाचा शेवट. ग्रिम्सबीकर 1989 च्या फेब्रुवारीत विम्बल्डनविरुद्धच्या एफए कपच्या पाचव्या फेरीला मासे घेऊन गेले. सामना 3-1 असा हरले, मासा मात्र टिकला. ‘तुम्ही फक्त मासे पकडतानाच गाता’ असं प्रतिस्पर्धी चिडवायचे, ते ग्रिम्सबीकरांनी उचलून आपल्याच घोषणेत बसवलं. टोमणा असा पचवला की समोरच्याकडे दुसरा उरत नाही.

मासा आणायचा तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. तो घडी घालून, हवा न भरता न्यावा. फाटकावर फुगलेला मासा बघितला की तपासणीत वेळ जातो, आणि परगावच्या मैदानांचे नियम वेगवेगळे असतात, काही ठिकाणी आत सोडतच नाहीत. उबदार पबमध्ये टम्म फुगवलेला मासा बाहेरच्या गारठ्यात आला की आतली हवा आकसते आणि शेपूट लोंबायला लागतं. म्हणून तो जागेवर बसल्यावरच फुगवावा आणि मध्यंतरात पुन्हा दोन-चार फुंका माराव्यात. झडप फुंकल्यावर आत दाबून ठेवायची, नाहीतर कुणाच्या तरी बोटात अडकून टोपण उघडतं. शिवण कल्ल्यापाशी आधी सुटते, कारण सगळे मासा तिथंच धरून आपटतात. सोबत चिकटपट्टी असली की काम भागतं. हम्बरवरून वारा असेल तर माशाला दोरी बांधावी. सुटलेला मासा मैदानात गेला तर खेळ थांबतो आणि नव्वदाव्या मिनिटाला आघाडीवर असताना ते कुणालाच नको असतं. (पिछाडीवर असताना तर अजिबातच नको.)

27 ऑगस्ट 2025 ची रात्र या सगळ्याचा कळस. लीग कपची दुसरी फेरी, समोर मँचेस्टर युनायटेड. चार्ल्स व्हर्नम आणि टायरेल वॉरन यांच्या गोलांनी अर्ध्या तासात 2-0. मग युनायटेडकडून पाऊणशेव्या मिनिटाला एम्बेमो, 89 व्या मिनिटाला मॅग्वायर, आणि 2-2. तिथून थेट पेनल्टी.

पेनल्टीच्या वेळी गर्दी कशी वागते हे बारकाईने बघण्यासारखं असतं. प्रतिस्पर्धी खेळाडू मध्यरेषेवरून निघाला की शिट्ट्या सुरू होतात आणि तो चेंडू ठेवतो तेव्हा त्या टिपेला पोचतात. गोलामागचे लोक मासे उंच धरून उलटसुलट हलवतात, जेणेकरून गोलरक्षकामागची पार्श्वभूमी स्थिर राहू नये. आपला खेळाडू निघाला की उलट. आधी टाळ्या, चेंडू ठेवताना एकदम गप्प. पाच-पाच फटक्यांनंतरही बरोबरी राहिली की एकेक फटक्यावर निकाल. अकराही जण मारून झाले की गोलरक्षकांसकट पुन्हा पहिल्यापासून. त्या रात्री 26 फटके झाले. युनायटेडचा कुन्हाचा फटका ग्रिम्सबीच्या पिमने अडवला, ग्रिम्सबीकडून ओडुअरचा अडला, आणि दुसऱ्यांदा मारायला आलेल्या एम्बेमोचा चेंडू आडव्या खांबावर आदळला. 12-11. लोक कठडे ओलांडून मैदानात धावले.

मैदानात धावणं हा पाठीराख्यांचा हक्क आहे असं टीव्हीवर बघून वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. 1991 च्या फुटबॉल गुन्हे कायद्याने परवानगीशिवाय खेळाच्या जागेवर जाणं गुन्हा आहे, आणि न्यायालय वर्षानुवर्षं कुठल्याही मैदानावर जायला बंदी घालू शकतं. शेकडो लोक उतरले की प्रत्येकाला पकडणं अशक्य असतं, पण कॅमेऱ्यात सगळे असतात आणि दंड क्लबाला होऊ शकतो. धोका कायद्याच्या पलीकडचाही आहे. पहिल्या रांगेतला माणूस कठड्यावर असताना मागून लोंढा येतो, पाय कठडा आणि जाहिरातींच्या फळ्यांच्या मध्ये अडकतो आणि घोटा जातो. ओल्या गवतावर साधे बूट घसरतात. सगळ्यात वाईट म्हणजे पाहुण्या संघाच्या खेळाडूंना डिवचायला जाणारे दोन-चार टोळभैरव, ज्यांच्यामुळे सगळी रात्र पोलिसांच्या नोंदीत जाते. प्रवाशाने जागेवर उभं राहावं. वरून जास्त दिसतं. गोलच्या क्षणी मात्र वरही सावध: मागची रांग पुढच्या रांगेवर कोसळते आणि नडग्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पाठीवर आपटतात. जीन्स जाड असावी. धुराच्या नळकांड्या आत नेणंही गुन्हाच, आणि छपराखाली तो धूर बसून राहतो, दम्याच्या माणसाला त्रास होतो. मैदान दिसेल अशा जागी दारू चालत नाही, हा 1985 चा नियम. म्हणून मध्यंतरात स्टँडखाली एवढी रेटारेटी असते.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचा सामना बघितलेल्याला यातलं पुष्कळ ओळखीचं वाटेल. फरक सामना संपल्यावर पडतो. इथं मिरवणूक निघत नाही. ग्रिम्सबी रोडवर मोटारींचे भोंगे, पबच्या दारात गाणी, आणि तळलेल्या माशांच्या दुकानांपुढे रांग. मागायचा तो हॅडॉक. इथल्या माणसाला कॉड चालतो, पण हॅडॉकच आवडतो. बऱ्याच दुकानांत तो गाईच्या चरबीत तळतात, तेव्हा खाण्याचं पथ्य असेल त्याने आधी विचारावं. चिप्ससुद्धा त्याच कढईतल्या असतात. सामना पेनल्टीपर्यंत गेला तर दुकानं बंद व्हायची वेळ झालेली असते, म्हणून जिंकण्याची खात्री नसली तरी सामन्याआधीच खाऊन घ्यावं.

मोबाइलचं नेटवर्क शेवटच्या शिट्टीनंतर जवळपास मरतं. तिकीट फोनवर असेल तर आधीच वॉलेटमध्ये उतरवून ठेवावं आणि सोबतच्यांशी भेटायची जागा आधी ठरवावी. ‘मैदानाबाहेर’ ही जागा नव्हे. ‘ग्रिम्सबी रोडवरचा अमुक बसथांबा’ ही जागा.

या पाठीराख्यांना आठवणी फार लागतात, आणि त्या आनंदाच्याच असतात असं नाही. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या गर्दीचा विक्रम 76,962, आणि तो युनायटेडच्या सामन्याचा नाही. 25 मार्च 1939 रोजी तिथं ग्रिम्सबी आणि वुल्व्हरहॅम्प्टन यांचा एफए कपचा उपांत्य सामना झाला. ग्रिम्सबीचा गोलरक्षक लवकर जखमी झाला, तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती, आणि ते 5-0 असे हरले. हा आकडा पबमध्ये विचारल्याशिवाय सांगतात. 2023 मध्ये साउदॅम्प्टनला त्यांच्याच मैदानावर 2-1 हरवून हा क्लब 1939 नंतर प्रथमच एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत गेला. एकाच मोसमात वरच्या डिव्हिजनच्या पाच क्लबांना हरवून. मग चार हजारांहून जास्त लोक मासे घेऊन ब्राइटनला गेले आणि पुन्हा 5-0. 2025 च्या लीग कपमध्ये युनायटेडनंतर शेफील्ड वेन्सडेला हरवलं, आणि मग ब्रेंटफर्डने घरी येऊन यांना हरवलं, तेही 5-0. युनायटेडच्या सामन्याआधी ओडुअरची नोंदणी दुपारी बाराच्या मुदतीनंतर झाल्याने क्लबाला 20,000 पौंडांचा दंड झाला होता, त्यातला निम्मा स्थगित. निकाल कायम राहिला, बाकीची चर्चा पबमध्ये अजून चालू आहे.

पुढच्या फेरीची सोडत हा या रात्रीचा उरलेला भाग. मोठ्या क्लबाच्या मैदानावर सामना पडला तर एफए कपच्या नियमाने पाहुण्यांना 15 टक्क्यांपर्यंत जागा मागता येतात, म्हणजे हजारोंनी तिकिटं आणि तुमच्यासारख्याला बऱ्यापैकी संधी. सामना घरी पडला तर मैदान लहान, जेमतेम नऊ हजारांचं, आणि तिकीट मिळणं कठीण. म्हणून ब्लंडेल पार्कला येताना ज्या खात्यावरून तिकीट काढलं, ते खातं बंद करू नये आणि पुढच्या वेळी त्याच नावाने लॉगिन करावं.