भर मे महिन्यातली सावली

मे महिन्यात दुपारी दोन वाजता गुलमोहराखाली खुर्ची टाकून बसून बघा. मी साताऱ्यात, गोडोलीतल्या भाड्याच्या घरात सलग सहा उन्हाळे बसलोय. वर बघावं तर सगळं लालभडक, आणि मांडीवरच्या पेपरवर टळटळीत ऊन. फुलं भरगच्च, पानं नावाला. हे झाड ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळून मोकळं होतं. मग नुसत्या काळ्या तलवारीसारख्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत राहतात. एप्रिल-मेमध्ये फुलं येतात आणि गच्च पालवी धरते ती पावसाच्या सुमाराला. म्हणजे छत्री उघडते ती ऊन उतरल्यावर. आमच्या घरमालकीणबाई मात्र भाडं सांगताना "दारात सावलीचं झाड आहे" हे आवर्जून सांगायच्या. ते बहुधा भाड्यात धरलेलंही असावं.

पण सातारकरांपुढे गुलमोहराला नावं ठेवायची सोय नाही. आमच्याकडे १ मे रोजी महाराष्ट्र दिनाच्या जोडीला गुलमोहर दिनही साजरा होतो. चित्रकार मंडळी कागद-रंग घेऊन झाडाखाली बसतात, कवी कविता वाचतात. झाडाचा वाढदिवस घालणारी गावं किती असतील? आणि खरं सांगायचं तर माझाही जीव त्या झाडात अडकलेला आहे. त्याच्या फुलाला पाच पाकळ्या. चार एकसारख्या लाल, पाचवी पांढरट, तिच्यावर लाल-पिवळे शिंतोडे. ती पाचवी आम्ही खायचो. आंबट लागते. कळीच्या हिरव्या साली नखांवर चिकटवून राक्षस व्हायचो. आणि मधले ते दहा पुंकेसर! दोघांनी एकेक घ्यायचा, टोकं एकमेकांत अडकवायची आणि ओढायची. ज्याची मुंडी तुटली तो हरला. आम्ही त्याला कोंबड्याची झुंज म्हणायचो. मे महिन्याच्या सुट्टीत यापेक्षा स्वस्त करमणूक साताऱ्यात नव्हती.

गंमत अशी की हे झाड इथलं नव्हेच. मूळचं मादागास्करचं. वेन्सेस्लास बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे १८२०च्या दशकात बाहेरच्या जगाला त्याची नीट ओळख झाली. थोरल्या शाहू महाराजांनी सातारा वसवला तेव्हा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला गुलमोहराची एक काडीही नसणार. मागून येऊन घरचा होऊन बसलेला पाहुणा आहे तो.

हा सगळा इतिहास मला आठवायचं कारण म्हणजे आम्ही करंजे भागात स्वतःचं घर बांधलं आणि पुढच्या अंगणात एक मोठं झाड लावायचं ठरलं. एकच. जागाच तेवढी. बायकोचं मत गुलमोहर. माझं मत, नेहमीप्रमाणे, विचार करून सांगतो. आई पायरीवर शेंगा फोडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "झाड बसायला पायजे का बघायला? बघायला पायजे आसंल तर समोरच्यांच्यात हाय की."

समोरच्यांच्यात खरोखरच होता. चांगला तीस फूट उंच, छत्रीसारखा पसरलेला. बायको म्हणाली, मग कडुनिंब लावू. आई म्हणाली, करंज. करंज्यात राहून करंज लावायला आणखी कारण कशाला हवं, असा माझा विनोद. तो कुणी हसण्यावारी नेला नाही, थेट ठरावच झाला.

मनातली उरलीसुरली शंका वळवानं मिटवली. मेच्या अखेरीला एके संध्याकाळी धुळीची वावटळ उठली, पाठोपाठ टपोरे थेंब, आणि समोरच्या गुलमोहराची मांडीएवढी जाड फांदी कडाडकन मोडून रस्त्यावर. खाली माझी स्कूटर. आरसा, हेडलाइट आणि सीट, तिन्ही गेलं. गुलमोहर भराभर वाढतो, पण लाकूड ठिसूळ. त्यात त्याचा पसारा उंचीपेक्षा रुंदीला जास्त आणि मुळं खोल न जाता वरच्यावर पसरणारी. फरशी उचलतात, कंपाउंडची भिंत चिरतात. लहानपणीच एक सरळ खोड राखून दुबेळकी फांद्या छाटत गेलं तर पुष्कळ निभावतं, पण छाटतो कोण? झाड मोठं झाल्यावर सगळ्यांना जाग येते. तेव्हा मग नगरपालिकेची परवानगी लागते. शहरातलं झाड विनापरवाना तोडता येत नाही, १९७५ सालापासून तसा कायदाच आहे आणि तो असावाच. शेजाऱ्यांनी अर्ज केला, मी स्कूटर दुरुस्तीला टाकली. गुलमोहर दोन महिन्यांनी असा काही हिरवागार झाला की जणू आपण त्या गावचेच नाही.

करंज या बाबतीत अगदीच गरीब. त्याला कुणी कविता वाहिल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. ओढ्याच्या, नदीच्या काठानं आपलं आपण उगवणारं झाड. मुळं खोल, त्यामुळे पाणी भरपूर असो की नसो, तग धरतं. शेंग घटकाभर हातात धरून बघा: चपटी, जाड, एका बाजूला फुगीर, टोकाला किंचित वाकडी. दिवाळीतली करंजी डोळ्यांसमोर येते. आत बहुतेक वेळा एकच बी. तिचं कडू तेल पूर्वी दिव्यात जळायचं, खरजेला लावायचे. आईनं ते लहानपणी अंगाला चोळून घेतलेलं आहे. त्या वासाची आठवण निघाली की अजून तिचं नाक मुरडतं. तरी झाड तेच पाहिजे.

कारण हिशोब सोपा. करंज पानं गाळतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, थोडेच दिवस. आपण अजून "काय ऊन वाढलंय" म्हणायला सुरुवात करतोय तोवर त्याला कोवळी, तुकतुकीत पोपटी पालवी फुटलेली असते. एप्रिलमध्ये ती गडद होते आणि मेमध्ये खाली अंधार. हा अंधार पेपर वाचायला थोडा जास्तच आहे, पण तक्रार नाही.

रोप विकत आणायची गरजच पडली नाही. ताजी बी पिशवीत टोचली, दोनेक आठवड्यांत कोंब वर. (गुलमोहराचं बी तसं नाही. कवच दगडासारखं. गरम पाणी ओतून रात्रभर भिजवावं लागतं.) खड्डा मात्र नीट काढला, तीन बाय तीन बाय तीन. साताऱ्यात खड्डा काढणं म्हणजे फूटभर माती आणि मग मुरुम. पहारीनं हाताला फोड आले. खड्डा उन्हात तापू दिला, जूनचे दोन पाऊस झाल्यावर माती नि शेणखत भरून रोप लावलं. घरापासून पंधरा फूट, पश्चिमेच्या अंगाला, म्हणजे उतरत्या उन्हात सावली दारावर येईल. पहिले दोन उन्हाळे आईनं बुडाशी भोकाचं मडकं पुरून ठेवलं होतं. रोज तांब्याभर पाणी शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा मडकं भरायचं. पाणी खाली गेलं की मुळं खाली जातात.

करंजाला एकच खोड, म्हणजे खोडी: त्याला खोड मोठं करायचं सुचतच नाही. कमरेएवढं झालं की फांद्या फोडतो आणि त्याही खाली झुकलेल्या. आम्ही दरवर्षी खालच्या एक-दोन काढत गेलो, एकदम नाही. आता माणूस वाकल्याशिवाय जातो. तिसऱ्या वर्षी पानांवर बारीक फोड उठले, चामखिळींसारखे. मी घाबरून औषध आणायला निघालो. रोपवाटिकेवाले म्हणाले, "कोळी कीड आहे ओ ती, बारकी. करंजाला असतंयच. झाड मरत नाही, तुम्ही पैसे घालवू नका." दुकानदारानंच औषध न विकणं हा प्रकार मी आयुष्यात एकदाच अनुभवला. झाड खरंच मेलं नाही.

आता आठ वर्षं झालीत. वीसेक फूट गेलाय. उन्हाळ्यात अंगणभर जांभळट-पांढरी फुलं सांडतात, कुणी फिकट चुरमुऱ्यांचं पोतं उलटं केल्यासारखी. बायको सकाळी झाडते, दुपारी पुन्हा तेवढीच. तिचं म्हणणं, झाडलोट दोन्ही झाडांची सारखीच, पण करंजाचं पान केरसुणीला सापडतं. गुलमोहराची ती बारीक कोंड्यासारखी पानं फटीत, पन्हाळीत, टाकीच्या झाकणाखाली, कुठंही शिरतात. समोरच्या घरून वाऱ्यानं आमच्याकडे येतातच, त्यामुळे तिला तुलना करायचा अधिकार आहे. शेंगा पडल्या की करंजाचीही रोपं जिथं तिथं उगवतात. उपटून कंटाळा येतो.

परवा आईनं गच्चीऐवजी अंगणातल्या उन्हात कुरडया घातल्या होत्या आणि ती स्वतः करंजाखाली बाज टाकून कावळ्यांवर नजर ठेवून होती. समोरची दोन पोरं ओंजळभर गुलमोहराची फुलं घेऊन आली. आजी, झुंज खेळायची का. आईनं चष्मा पुसला, ढिगातनं निवडून निवडून एक पुंकेसर काढला, दोन बोटांत धरला आणि पोराच्या केसराला अडकवून हलकासा हिसका दिला. पोराची मुंडी तुटली. दुसऱ्याची पण. तोवर कावळ्यानं एक कुरडई नेली होती.