तुम्ही विचारलंत म्हणून: झाडांना माझा विरोध का?

'पर्यावरणवाली म्हणवतेस आणि वृक्षारोपणाला विरोध?' लग्नात, एसटीत, आता तर सख्खी आत्याही विचारते. तर ऐका. माझं झाडांशी वैर नाही. माळावर ती रांगेनं लावण्याशी आहे.

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला माणदेशात उतरलं की तो पाचशेच्या आसपास येतो. ढग डोंगरावरच रिते होतात. त्यात मुरमावर वीतभर माती. इथं राज्य गवताचंच: पवन्या, कुसळी, मारवेल. त्याच्या जिवावर चिंकारा, चंडोल, खोकड, लांडगा. जंगल तोडून हा माळ झाला, असं धरून चालू नका. पण कागदोपत्री पडीक, म्हणून खड्डे मारायला कुणाची हरकत नसते.

माझी होती. मे महिना, जेसीबी आलेला. त्याच्यापुढे धाविकाची जोडी तुरुतुरु पळत होती, थांबत होती, परत येत होती. हा पक्षी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, शेरडांच्या लेंड्यांत दोन अंडी होती, लेंड्यांच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. दोनदा नजर गेली तरी मला दिसली नव्हती. ड्रायव्हरला हात केला. त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला, वाकून पाहिलं. "ताई, आम्हाला खड्ड्यामागं पैसे मिळतात," म्हणाला, तरी तेवढी जागा सोडली. म्हणजे अंडी वाचली आणि चहूबाजूंनी खड्डे झाले. जून लागला तशी शाळेची पोरं गिरिपुष्पाची रोपं घेऊन नाचत आली. त्यांना काय सांगणार होते मी? दोन वर्षांत झाडांवर कावळे बसायला लागले. जमिनीवर अंडी घालणाऱ्याला कावळ्यासाठी उंच बैठक नको असते. धाविक मला तिथं पुन्हा दिसला नाही. झाडांमुळेच, असं छातीठोक सांगत नाही.

पूर्वी वाटायचं, एवढं समजावलं की लोकांना पटेल. कुठलं! गावातले मेंढपाळ नाना हे सगळं ऐकून म्हणाले, "गवत पाहिजे, कबूल. पण एप्रिलात माझी मेंढरं कुणाच्या सावलीला बसवू?" मी म्हटलं, ओढ्याकाठी लावू, वस्तीजवळ लावू, माळावर बोर-हिवर मधूनमधून आहेतच.

"वस्ती माळापासून दोन कोस लांब, अन् ओढा दिवाळीलाच आटतो, पोरी."